मंजिरीचा मुक्काम

लंडनमध्ये सगळे सण रविवारी येतात. सत्त्याण्णव सालची भाऊबीजही एजवेअरच्या घरात अशीच सोयीच्या रविवारी दुपारी चालली होती. बाहेर धुकं इतकं दाट, की मागच्या बागेतलं सफरचंदाचं झाड असून नसल्यासारखं झालं होतं. घर जणू पांढऱ्या पाण्यावर तरंगत होतं, आणि आतले दिवे, माणसांचे आवाज, चिवड्याचा वास हे सगळं त्या पाण्यावरून हळूहळू कुठेतरी निघालं होतं.

सुमेधानं गिरीशला ओवाळलं. ती चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा, अकाउंटंट. दोघंही इथेच जन्मलेले. तरी ओवाळताना ती लहानपणी जशी मान खाली घालून हसायची, तशीच आजही हसली. गिरीशची बायको शिल्पा मुलांना घेऊन आपल्या भावाकडे लेस्टरला गेली होती. मग यमुनाआत्यांनी, म्हणजे यमुनाबाईंनी, आपल्या धाकट्या भावाला, सुमेधा-गिरीशच्या वडिलांना, डॉक्टर शशिधरांना ओवाळलं. त्या सकाळीच स्लाऊहून आल्या होत्या. नवरा गेल्यापासून भाऊबीज हाच त्यांचा वर्षातला मोठा दिवस.

"मंजिरी, ये. आता तू," सुमेधाची आई सुप्रभा म्हणाली.

गेली सहा वर्षं मंजिरीही गिरीशला ओवाळायची. त्यामुळे ही मुलगी या घरात कोण, हा प्रश्न पुढच्या दिवाळीपर्यंत मिटायचा. साताऱ्याची, सुमेधाच्याच वयाची. एका म्युझियममध्ये जुनी विरलेली वस्त्रं सांधायचं काम करायची. एका उन्हाळ्यात दोन बॅगा घेऊन आली आणि वरच्या मजल्यावर राहिली ती राहिलीच. मंडळातल्या बायकांना सुप्रभा सांगायची, सुमेधाची मैत्रीण आहे, आमची लॉजर, भाड्यानं राहते. आणि घरी तिला आवडते म्हणून भाताची खरवड तिच्यासाठी आठवणीनं काढून ठेवायची.

मंजिरी दाराशीच उभी राहिली. "काकू, या वर्षी मी नको."

"का गं?"

मंजिरीनं सुमेधाकडे पाहिलं. सुमेधानं तबक खाली ठेवलं.

"आई, तू बस जरा. मला एक सांगायचंय, आणि ते मराठीत सांगायचंय, म्हणून वेळ लागेल." तिनं श्वास घेतला. "मंजिरीची काम जानेवारीत संपणार आहे. काम संपला की परमिट पण संपतो."

एरवी मंजिरीनं तिचं मराठी लगेच सुधारलं असतं. आज तिनं ते तसंच जाऊ दिलं.

"दुसरं काम बघू की," शशिधर म्हणाले.

"बघितलं, बाबा. नाही मिळालं. पण एक नवीन रूल आलाय. मे महिन्यात गव्हर्नमेंट बदलली ना, त्यांनी आत्ता केलाय. ज्या दोन माणसांना कायद्यानं लग्न करता येत नाही, आणि जे चार वर्षं एकत्र राहिलेत, त्यांच्यातल्या बाहेरच्या माणसाला इथे राहायला मिळू शकतं. आम्ही सहा वर्षं राहिलोय. या घरात."

रेडिएटरमध्ये पाणी खुळखुळलं.

"पण घर तुमचं आहे. गॅस, फोन, सगळं तुमच्या नावावर. सॉलिसिटर म्हणते, कुणीही म्हणेल की ती भाडेकरू आहे. म्हणून घरातल्या कुणीतरी सांगायला पाहिजे की ती लॉजर नाही." सुमेधाचा आवाज खाली आला. "आणि मग ती कोण आहे, ते पण सांगायला पाहिजे."

सुप्रभाला हे माहीत नव्हतं असं नाही. जिन्यातली कुरकुरणारी पायरी न बघता ओलांडायची पायाला सवय होते, तसं तिनं ते माहीत असणं सहा वर्षं ओलांडलं होतं. आता सगळ्यांसमोर त्या पायरीवर पाय पडला होता, आणि सगळं घर तिच्याकडे बघत होतं. ती उठली आणि कारण नसताना चहाचं आधण ठेवायला आत गेली.

*

गिरीशला वाटलं, आपण काहीतरी समजूतदार बोलावं. या घरात समजूतदार बोलणं हे त्याचं काम होतं.

"सुमी, लुक, मला काही प्रॉब्लेम नाही. यू नो दॅट. पण बाबांनी पहिल्या व्हिसाच्या वेळी फॅमिली फ्रेंड म्हणून सही केली होती. आता तेच बाबा दुसरं काहीतरी सांगणार. त्यांना कुणी विचारलं तर?"

"तेव्हा ती फॅमिली फ्रेंडच होती. मी तिला भेटून दोन महिने झाले होते."

"पण ते कसं दिसेल?"

"कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर गिरीशला ठाऊक होतं. शिल्पाला दिसेल, तिच्या लेस्टरच्या भावांना दिसेल. सुट्टीत मुलं इथे राहायला येतात, वरच्या मजल्यावर जाऊन मंजिरीमावशीच्या रंगीत रिळांशी खेळतात. त्यानं बायकोला आजवर एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि ते न सांगणं म्हणजे आपण बहिणीला सांभाळून घेणं आहे असं तो समजत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण कदाचित स्वतःलाच सांभाळत होतो.

तेवढ्यात यमुनाबाई बोलल्या. त्या इतका वेळ बोटांनी पातळाचा काठ सारखा करत होत्या.

"एवढं कशाला अवघड करता? पोरीला इथे राहायचंय ना? मग लग्न लावून टाका तिचं."

"आत्या, तेच तर सांगतेय. आम्हाला लग्न करता येत नाही."

"तुमचं नाही म्हणत मी. आपला शशिकांत आहे की. ह्यांचा पुतण्या. स्लाऊच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वेअरहाऊसला सुपरवायझर आहे, इथला पासपोर्ट आहे, घर आहे. बायको सोडून गेली त्याला चार वर्षं झाली. स्वभावानं अगदी गाय आहे. रजिस्टर ऑफिसात दोन सह्या करायच्या, की झालं. मंजिरी राहील इथेच, वरच्या खोलीत. कुणाला काही सांगायला नको, कुणी काही विचारायला नको."

धुक्यात कुठेतरी एक गाडी हळू गेली. गिरीशनं आत्याकडे पाहिलं आणि आपले खांदे सैल झालेले त्याला जाणवले.

"आत्याचा आयडिया तसा वाईट नाही," तो म्हणाला.

"ते खोटं आहे," सुमेधा म्हणाली.

"खोटं कसं? कायदेशीर आहे," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं जे काय आहे, ते कायद्याला दिसत नाही. हे दिसेल."

शशिधर खिडकीशी जाऊन उभे राहिले. सुप्रभा चहाचा ट्रे घेऊन आली, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप मांडले, आणि मंजिरीच्या कपात नेहमीसारखी साखर जास्त घालता घालता म्हणाली, "शशिकांत चांगला मुलगा आहे तसा."

मंजिरीनं तिच्याकडे पाहिलं. सुप्रभानं पाहिलं नाही.

*

वरच्या खोलीत मंजिरी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. चार वाजत आले होते आणि अंधारायला लागलं होतं. म्युझियममध्ये तिच्या टेबलावर एक जुना शेला पसरलेला होता. त्याचा मधला भाग हवेइतका विरळ झाला होता. तो सांधायचा नाही, खाली दुसरं पातळ कापड घालून नुसता त्याला आधार द्यायचा, असं ठरलं होतं. तिला वाटलं, आत्या तेच म्हणताहेत. खालून एक दुसरंच कापड घालायचं.

"मी करते," ती म्हणाली.

सुमेधा खिडकीत होती. "काय करतेस?"

"लग्न. दोन सह्या. सातारला परत जाऊन मी काय करणार आहे? दादा-वहिनींच्या घरात मधल्या खोलीत झोपायचं आणि तुझ्या फोनची वाट बघायची?"

"आणि नियम? आपण एवढी वाट बघितला या नियमाची."

"बघितली."

"बघितली."

"नियम म्हणतो, कुणीतरी सांगायला हवं. काकूंचा चेहरा पाहिलास ना तू? मी त्यांना ते करायला लावणार नाही. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलेलं नाही, सुमे. एक शब्द त्यांना बोलता येत नाही, तर राहू दे."

सुमेधा तिच्याशेजारी येऊन बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर ते कळत नव्हतं. आईवर नाही. आत्यावर तर मुळीच नाही. त्यांनी निदान काहीतरी सुचवलं होतं. शेवटी ती म्हणाली, "तू जायचं नाहीस. एवढंच पाहिजे मला. बाकी कसं ते तू ठरव."

"मग ठरलं."

"तुझ्या नावापुढे मिसेस काय लागेल?"

"साठे. शशिकांत साठे."

सुमेधानं ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. मंजिरी साठे. मग तिनं मंजिरीच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

*

आठवडाभर घरात विलक्षण शांतता होती. सगळेच सुटल्यासारखे वागत होते आणि कुणीच सुटलेलं नव्हतं. शनिवारी ऊन पडलं. शशिधर बागेत पानं ओढत होते. सुप्रभा कोट घालून बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"उद्या शशिकांत येतोय," ती म्हणाली. "वन्संचा फोन होता. बघून घेऊ म्हणाल्या."

"हं."

"अहो, तुम्ही काहीच बोलला नाहीत त्या दिवसापासून."

शशिधरांनी दाताळं झाडाला टेकवलं. बोलणारा माणूस नव्हताच तो. छातीच्या आजारांचा डॉक्टर. जन्मभर लोकांना खोल श्वास घ्या म्हणाला आणि स्टेथोस्कोपमधून ऐकत राहिला.

"मी त्या मेट्रनचा विचार करत होतो," ते म्हणाले.

"कुठली मेट्रन?"

"आपली. सत्तावन्न सालची."

सुप्रभाला आठवायला क्षण लागला, आणि मग एकदम सगळं आठवलं. उत्तरेकडचं ते गिरण्यांचं गाव, काळ्या पडलेल्या विटा, हॉस्पिटलच्या मागचा तो बर्फ. दोघं नुकतीच आली होती. दोघं डॉक्टर, लग्नाला तीन महिने झालेले. सांगलीला देवाब्राह्मणांसमोर, चारशे माणसांच्या पंगती उठवून झालेलं लग्न. आणि जोडप्यांच्या क्वार्टर्स मागायला गेल्यावर मेट्रननं नम्रपणे विचारलं होतं, सर्टिफिकेट?

"कागद कुठला आपल्याकडे," शशिधर म्हणाले. "मी तिला लग्नाचा फोटो दाखवला. मुंडावळ्या बांधलेला. ती म्हणाली, फार सुंदर पोशाख आहे, पण यावरून काही सिद्ध होत नाही."

"मला नर्सेसच्या होस्टेलमध्ये ठेवलं. तुम्हाला डॉक्टरांच्या मेसमध्ये."

"संध्याकाळी कॅन्टीनमध्ये भेटायचो. लोक आपल्याकडे बघून हसायचे. त्यांना वाटायचं, आपलं काहीतरी चालू आहे."

सुप्रभा हसली. मग तिचं हसू विरत गेलं. ती त्या बर्फातून होस्टेलकडे परत जायची तेव्हा तिला खरंच कधीकधी वाटायचं, की लग्न झालंच नाही. सांगली, सनई, आईनं भरलेली ओटी, सगळं आपण कल्पनेत रचलं. कुणीच ते मानत नसलं, की ते झालंय हे एकट्यानं किती दिवस धरून ठेवायचं? वसंतात त्यांनी इथल्या रजिस्टर ऑफिसात पुन्हा लग्न केलं. साक्षीला एक पोर्टर आणि कॅन्टीनमधली बाई. मग मेट्रननं किल्ली दिली.

"आपण काय त्या कागदानं नवरा-बायको झालो?" शशिधर म्हणाले. "पण तोपर्यंत पार झिजायला झालं होतं मला. या दोघी सहा वर्षं तशाच राहिल्यात, सुप्रभा. आपल्याच घरात. आणि त्यांची मेट्रन कोण होती?"

त्यांनी परत दाताळं हातात घेतलं आणि पानं ओढायला लागले.

*

शशिकांत रविवारी दुपारी आला तो इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून. हातात कुंडी होती, पांढऱ्या सायक्लामेनच्या फुलांची. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण खुर्चीच्या कडेवर शाळकरी मुलासारखा बसला. यमुनाबाई त्याच्या शेजारी बसल्या. समोर सोफ्यावर मंजिरी आणि सुमेधा, मध्ये एका उशीचं अंतर ठेवून. गिरीश खांबासारखा दारात उभा होता.

हवापाण्याचं झालं, ट्रॅफिकचं झालं. मग शशिकांत मंजिरीला म्हणाला, "तुम्हाला कुठला रंग आवडतो?"

"कशासाठी?"

"म्हणजे, मागची बेडरूम आहे, तिथे दुपारचं ऊन येतं. काकू म्हणाल्या तुम्ही शिवणाचं नाजूक काम करता. मला वाटलं उजेड पाहिजे. मी फिका निळा लावलाय. पण पसंत नसला तर बदलू, एकच हात झालाय अजून."

मंजिरी त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही खोली रंगवलीत?"

"तसं काही नाही हो. संध्याकाळी काय करायचं असतं मला." तो ओशाळून हसला. "परवा नाशिकला आईला फोन केला. तिला सांगितलं, की असं असं ठरतंय. ती काही बोललीच नाही, नुसती रडत होती. मग म्हणाली, शेजारी पेढे देऊन येते."

सुप्रभा खुर्चीत पुढे सरकली.

"शशिकांत," ती म्हणाली, "वन्संनी तुला नक्की काय सांगितलंय?"

"सुप्रभा, ते आपण नंतर बोलू," यमुनाबाई म्हणाल्या.

"नाही वन्सं, त्याला सांगू दे."

शशिकांतनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "हेच, की मुलगी चांगली आहे. व्हिसाची अडचण आहे, म्हणून आधी सह्या करून घ्यायच्या. ती थोडे दिवस इथेच राहील. मग हळूहळू ओळख झाली, की येईल घरी."

"आत्या," सुमेधा म्हणाली. एवढंच.

यमुनाबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "मग काय चुकलं माझं? एकटा आहे तो. ही पण एकटीच की. जवळ राहिली की माया लागते माणसांना. मला ह्यांचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता लग्नात." त्यांची जीभ अडखळली. "मी दोघांचं भलंच बघत होते."

आणि त्या खरंच बघत होत्या. सुप्रभाला ते दिसत होतं. म्हणूनच ते फार वाईट होतं. कारण आपणही भाऊबीजेला साखर ढवळता ढवळता हेच भलं बघितलं होतं, आणि त्याचा रंग आता स्लाऊच्या एका भिंतीवर लागला होता.

ती उठून शशिकांतच्या समोरच्या स्टुलावर बसली, जवळ.

"मंजिरी एकटी नाहीये, शशिकांत. ती माझ्या सुमेधाची जोडीदार आहे. सहा वर्षं. नवरा-बायको राहतात तशा त्या राहतात. लोकांना मी आजवर लॉजर म्हणून सांगत आले. तुला सांगतेय ते खरं आहे."

आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ऐकू आला, भूल उतरताना पेशंटला ऐकू येतो तसा, लांबून आणि तरी अगदी स्पष्ट. आभाळ कोसळलं नाही. फक्त दारातला गिरीश खाली बसला.

शशिकांतनं कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं.

"मला आधी सांगितलं असतंत, मामी," तो म्हणाला, "तरी मी आलो नसतो असं नाही. सहीला काय लागतं. पण आईला फोन केला नसता."

मंजिरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला माफ करा," ती म्हणाली. "मी पण विचारलं नाही, की तुम्हाला काय सांगितलंय."

तो उठला. यमुनाबाईही उठल्या, त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढली.

"घरातली गोष्ट तू उंबऱ्याबाहेर काढलीस, सुप्रभा."

"ती रोज उंबऱ्याबाहेर जाते, वन्सं. सकाळच्या बसनं, कामाला."

"मग बसा तिला धरून. मला आता बोलवू नका."

"अक्का," शशिधर म्हणाले. पण त्या थांबल्या नाहीत. मंजिरी शशिकांतला गाडीपर्यंत पोचवायला गेली. खिडकीतून दिसत होतं, ती दोघं गाडीपाशी काहीतरी बोलली, त्यानं मान डोलावली, आणि मग यमुनाबाईंसाठी गाडीचं दार उघडून धरलं.

आत गिरीश म्हणाला, "आई, मी लिहून देतो. सॉलिसिटरला. भाऊ म्हणून." मग थोडं थांबून, "शिल्पाला आधी सांगायला पाहिजे."

त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं. शिल्पा दोन दिवस बोलली नाही. इस्टरच्या सुट्टीत मुलं आजीकडे आली नाहीत, उन्हाळ्यात आली. मंडळात तर बातमी संक्रांतीच्या आधीच पोचली होती. तिळगूळ घ्यायला नेहमी येणाऱ्या बायकांतल्या निम्म्या आल्या, आणि आलेल्या सगळ्या छताकडे बघत होत्या, जणू वरच्या मजल्याला काहीतरी झालंय.

*

अर्ज डिसेंबरातच गेला होता. क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसचं बोलावणं मार्चमध्ये आलं. तिघी गेल्या. उंच इमारत, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आणि जगातल्या सगळ्या भाषांमधलं हळू बोलणं. लहान बाळं झोपलेली. सुमेधा आणि मंजिरी आधी आत जाऊन आल्या. मग सुप्रभाचं नाव पुकारलं गेलं, उच्चार मोडून.

समोरची बाई तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल. तिनं नम्रपणे विचारलं, मिस जाधव, म्हणजे मंजिरी, तुमच्याकडे कधीपासून राहतात, भाडं देतात का. सुप्रभानं सांगितलं, द्यायची पहिल्या वर्षी, मग मीच घेणं बंद केलं.

"मैत्रिणीही अशा एकत्र राहतात," ती बाई म्हणाली. "लंडनमध्ये पुष्कळ जणी. त्या जोडीदार आहेत असं तुम्ही कशावरून म्हणता?"

सुप्रभानं या प्रश्नाची तयारी केली होती. प्रेम, निष्ठा, कमिटमेंट असे इंग्रजी शब्द तिनं ट्रेनमध्ये मनाशी लावून ठेवले होते. आता त्यातला एकही सापडेना.

"त्या भांडतात," ती म्हणाली.

बाईनं मान वर केली.

"माझ्या मुलीला झोपताना खिडकी उघडी लागते, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मंजिरीला बंद लागते. आमची खोली त्यांच्या खाली आहे. आधी खिडकी उघडल्याचा आवाज येतो. मग बंद केल्याचा. मग बोलाचाली. मग पुन्हा उघडल्याचा. सहा वर्षं हे चाललंय." तिनं पर्सचा बंद घट्ट धरला. "आमच्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. मैत्रिणी असत्या तर एकीनं केव्हाच दुसरी खोली घेतली असती."

बाई लिहीत राहिली. बराच वेळ लिहिलं. मग वर न बघता म्हणाली, "आमच्याकडे हीटिंगवरून होतं."

बाहेर आल्यावर सुमेधानं विचारलं, "काय विचारलं, आई?"

"घराची चौकशी केली," सुप्रभा म्हणाली.

परतीची ट्रेन थेट होती, लंडन ओलांडून उत्तरेकडे जाणारी. मिल हिलला उतरायचं आणि एजवेअरची बस धरायची. दुपारच्या वेळी डबा जवळजवळ रिकामाच होता. बाहेर मार्चचं दुधाळ ऊन पडलं होतं. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, ट्रॅम्पोलिन, पिवळी डॅफोडिल्स मागे सरत होती. नदीवरून गाडी गेली तेव्हा पाणी आणि आकाश यांत फरक कळत नव्हता.

पासपोर्टवर शिक्का पडायला जुलै उजाडणार होता, आणि तोही एकाच वर्षाचा. पुढचं मग पुढे. तोवर मंजिरीला काम करता येणार नव्हतं, आणि ती घरातले सगळे पडदे दुरुस्त करणार होती. यमुनाबाई पुढच्या भाऊबीजेला येणार नव्हत्या. शशिधर एकटेच ट्रेननं स्लाऊला जाऊन ओवाळून घेऊन येणार होते, आणि बहिणीनं काय म्हटलं ते कुणाला सांगणार नव्हते. यातलं काहीच सुप्रभाला त्या दुपारी ठाऊक नव्हतं.

समोरच्या बाकावर मंजिरी झोपली होती, सुमेधाच्या खांद्यावर डोकं टाकून. सुमेधाही झोपली होती, तिचा गाल मंजिरीच्या केसांवर. आदल्या रात्री दोघींचा डोळ्याला डोळा लागला नसणार. सुप्रभानं त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. जिन्याच्या खालून, दाराच्या बाहेरून, छताच्या पलीकडून पुष्कळ ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. पलीकडच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या माणसानं पेपर खाली करून त्या दोघींकडे पाहिलं. सुप्रभानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेपर पुन्हा वर धरला.

गाडीचा वेग कमी झाला. मिल हिल आलं. ओळखीचा प्लॅटफॉर्म, ओळखीचा पूल. दारं उघडली, थंड वाऱ्याची झुळूक आत आली, आणि झोपेतच मंजिरी सुमेधाच्या आणखी जवळ सरकली.

सुप्रभानं हात पुढे केला होता त्यांना हलवायला. तो तिनं तसाच मागे घेऊन मांडीवर ठेवला. दारं मिटली. पुढच्या स्टेशनला उतरू, असं तिनं ठरवलं.

पुढचं स्टेशन आलं तेव्हाही ती बसूनच राहिली. बाहेर आता शेतं लागली होती.